बुरुजाचं वळण

माझी काकू लांब पल्ल्याच्या बसवर कंडक्टर होती. डेपोत तिला सगळे ‘डबलबेल’ म्हणायचे, कारण तिनं दोरी दोनदा ओढली की गाडी उभी ठेवायची कुठल्या ड्रायव्हरची बिशाद नव्हती. आमच्या गावातून निघालेली ती गाडी थेट समुद्रापर्यंत जायची. रस्ता जुना, राजेरजवाड्यांच्या काळातला. त्यावरचे थांबेही तसेच. किल्ला, कमानपूल, सराई, बुरूज आणि शेवटी दीपगृह. काकू ही नावं अशा खणखणीत आवाजात पुकारायची की पेंगणारा माणूस दचकून आपली पिशवी चाचपायचा.

गळ्यात कॅमेरे अडकवलेले परगावचे लोक तिला विचारायचे, “बाई, किल्ला बघण्यासारखा आहे ना?”

“अहो, बघितलाच पाहिजे असा आहे!” काकू ठोकून द्यायची.

आम्हा पोरांनाही ती रोज काहीतरी सांगायची. आज समुद्राला भरती होती, आज लाल शिडाची बोट आली होती, आज दीपगृहावर पक्ष्यांचा थवा बसला होता. मी गालाला हात लावून ऐकायची. माझी आई, म्हणजे तिची धाकटी जाऊ, ओट्याशी पाठ करून भांडी विसळत असायची. काकूच्या गोष्टी रंगात आल्या की भांड्यांचा आवाज वाढायचा. ते का, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

आमचं घर एकत्र होतं. खाली पुढच्या खोलीत काकांचं चष्म्यांचं दुकान, मागे एकच स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. काका दिवसभर काड्या सरळ करायचे, काचा घासायचे. माझे वडील पाणीपुरवठ्यात पाइप जोडायचे. काकू नोकरीवर आणि आई घरात. काकूला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी दोघींची होते आणि दोघींची बोलणी खायची सोयही मलाच होती.

मग तो अपघात झाला. बुरुजापाशी घाटात एक अवघड वळण आहे. एका म्हातारीची टोपली दारात अडकली होती, ती आत ओढायला काकू वाकली. तेवढ्यात समोरून ट्रक आला, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि काकू उघड्या दारातून थेट रस्त्यावर. मांडीचं हाड मोडलं. रुग्णवाहिका येईपर्यंत तिला तिथंच कडेला निजवून ठेवलं होतं. “बुरूज मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला तो आडवी पडून,” ती नंतर म्हणायची. “केवढा उंच! आणि मी इतकी वर्षं नुसतं त्याचं नाव ओरडत होते.”

पायात सळई बसली. काकू लंगडत घरी आली आणि डेपोनं तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. ज्या बाईनं भरल्या गाडीत दोन हात मोकळे सोडून उभं राहावं, तिला त्या जाळीमागे बघवत नसे. ती चिडचिडी झाली. घरी आली की गप्प बसायची. समुद्राच्या गोष्टी बंद झाल्या, तशी आईची भांडीही गप्प झाली. पण आईला त्याचा आनंद झालेला दिसला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, पाय हलता ठेवा, घरात बसून चालवायची सायकल आणा. काकांनी आणली आणि जिन्याखालच्या बोळात ठेवली. पहिल्या आठवड्यात काकूनं इमानदारीनं पाय मारले. दुसऱ्या आठवड्यात ती उतरली आणि म्हणाली, “तासभर चालवली, घाम निघाला आणि उतरले तर जिथल्या तिथं. अशी गाडी माझ्या जन्मात पाहिली नाही.” तिसऱ्या आठवड्यापासून आई त्या सायकलवर टॉवेल वाळत घालू लागली.

काकू कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेली आणि एक जुनी, दणकट, खऱ्या चाकांची सायकल घेऊन आली. पहिले काही दिवस ती गल्लीत पडत, धडपडत, शिव्या देत चालवायची. शेजारपाजारच्या खिडक्या उघडायच्या. काकू मान वर करून म्हणायची, “बघा, बघा, तिकीट नाही!” हळूहळू तोल सापडला. लंगडणारी बाई सायकलवर बसली की लंगडत नाही, हा शोध आम्हाला सगळ्यांनाच लागला.

त्याच सुमारास नवा हायवे झाला आणि बस तिकडून जायला लागली. जुना रस्ता ओस पडला होता, तो सरकारनं सायकलींसाठी जाहीर केला. गाव ते समुद्र, वाटेत प्रत्येक जुन्या वास्तूपाशी तपकिरी पाटी, पाण्याचा नळ, सायकल लावायला दांडे. चौकशीच्या खिडकीत त्याचा नकाशा चिकटवायला आला. काकूनं तो चिकटवला आणि संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं, “मी जाणार.”

काकांनी हातातली काच खाली ठेवली. “अगं, पायात सळई आहे तुझ्या.”

“सळई माझ्या पायात आहे. माझा पाय काही सळईत अडकलेला नाही.”

“आणि घाट? ते वळण?”

“ते वळण आहे म्हणूनच जायचंय.”

ओट्याकडून आवाज आला, “मी येते यांच्याबरोबर.”

आम्ही सगळे वळलो. आई ओल्या हातांनी उभी होती. वडिलांचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले होते. “तुला सायकल येते?”

“लग्नाआधी शाळेत काय पालखीतून जात होते?” आई म्हणाली. “नदीपलीकडे शाळा होती. रोज जायची. पोरांना मागे टाकायची. तुम्ही कधी विचारलंच नाहीत.”

काकूनं तिच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. “कशाला येतेस? माझ्यावर पाळत ठेवायला?”

“तुम्ही एकट्या कुठं पडलात तर बोलणी मलाच बसतील, जाऊबाई. त्यापेक्षा समोर पडलेलं बरं.”

सायकलवाल्यानं आईलाही एक जुनी सायकल काढून दिली आणि दोघींच्या मागच्या चाकांना मोठी दातेरी चकती बसवून दिली. चढाला पाय हलके पडतील म्हणाला. काही महिने दोघी पहाटे गावातल्या गावात सराव करत होत्या. मग थंडी सरता सरता एका सकाळी त्या निघाल्या. कॅरिअरला पिशव्या, पिशव्यांत उकडलेली अंडी, केळी, शेंगदाणे आणि पायाला लावायचं तेल. काका दुकानाच्या दारात उभे होते. आयुष्यभर काकूच त्यांना ‘येते’ म्हणून निघायची, पण त्या दिवशी त्यांना आत जाववत नव्हतं.

पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. जिथं दोघींचं जुळलं ते मी खरं धरलं आहे. जिथं जुळलं नाही, तिथं ज्यात त्या स्वतःवर हसल्या ते घेतलं आहे.

पहिला धडा काकूला गावाची हद्द ओलांडतानाच मिळाला. आई दिसेनाशी झाली. सायकलवर बसल्यावर तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, ती वारा प्यायल्यासारखी सुटली. काकू किल्ल्यापाशी पोचली तेव्हा आई दांड्याला सायकल लावून, केळं खाऊन, साल कचऱ्याच्या डब्यात टाकून बसली होती.

“काय गं, आग लागली होती का मागे?”

“सवय सुटलेली नाही बहुतेक,” आई लाजत म्हणाली.

काकू किल्ल्याच्या दरवाजापुढे उभी राहिली. लोखंडी खिळ्यांचा, दोन माणसांनी एकमेकांच्या खांद्यावर उभं राहावं एवढा उंच दरवाजा. तिनं एका खिळ्यावर तळहात टेकवला. उन्हानं तो कोमट झाला होता. “इतका मोठा आहे हा? मला तर गाडीतून नुसता याचा एक कोपरा दिसायचा.” तिनं आत जाऊन सगळी तटबंदी पालथी घातली. आईनं दहादा हाका मारल्या, तेव्हा कुठं बाहेर आली.

कमानपुलाला तेच. पुलावरून गेलं की झालं, असं आईचं म्हणणं. काकूला पूल खालून बघायचा होता. सळईचा पाय धोंड्यांवरून सांभाळत ती नदीपात्रात उतरली, एका कमानीखाली उभी राहिली आणि पोटातून जोर लावून ओरडली, “कमानपूऽऽल!” कमानीनं ते तिला तसंच्या तसं परत केलं. काठावरची दोन बदकं उडाली.

वरून आई म्हणाली, “मिळालं उत्तर? आता चला.”

त्या रात्री त्या पुलाजवळच्या एका घरात पैसे देऊन राहिल्या. झोपण्याआधी आईनं काकूच्या पायाला तेल चोळलं. काकू नको नको म्हणत होती, पण पाय काही मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी वारा समोरून होता. सपाट रस्ता, पण प्रत्येक पायडल मारताना कोणी छातीवर हात ठेवून मागे ढकलतंय असं वाटावं. दोघींच्या नाकी नऊ आले. दुपारी सराईत पोचल्या तेव्हा बोलायचंही त्राण नव्हतं. सराई म्हणजे जुन्या काळी व्यापारी मुक्कामाला थांबायचे ती दगडी ओवऱ्यांची इमारत. मधल्या चौकात गवत वाढलेलं. एका ओवरीच्या सावलीत त्या अंडी सोलत बसल्या. आणि तिथं आईच्या तोंडून ते निघालं.

“तुमची मजा होती, जाऊबाई. तुम्ही रोज समुद्र बघायच्या. मी रोज तुमचा डबा भरायची.”

काकूच्या हातातलं अंडं अर्धं सोललेलं राहिलं. “समुद्र?” ती म्हणाली. “मी समुद्र पाहिलेला नाही.”

“काय?”

“दीपगृहाचा थांबा गोदामांच्या मागे होता गं. तिथून नुसत्या भिंती दिसायच्या. गाडी परत फिरेपर्यंत जेमतेम अर्धा तास. तू दिलेला डबा खायची आणि मागच्या सीटवर आडवी व्हायची. वास यायचा समुद्राचा, बस.”

“आणि ती भरती? लाल शिडाची बोट?”

“पोरीला काय सांगू मग? मागच्या सीटवर घोरत पडले होते म्हणून? ती वाट बघत बसायची.” काकू थांबली. “मी वर्षानुवर्षं माणसांच्या माना पाहिल्या आहेत. घामेजलेल्या, चुरगळलेल्या कॉलरच्या. किल्ला आला की मी ओरडायची, पण तोंड प्रवाशांकडे. पाठ किल्ल्याकडे.”

आईनं हातातलं अंडं खाली ठेवलं. “आणि मी ते ऐकून जळायची,” ती म्हणाली. “एवढी वर्षं! भांडी आपटून आपटून पोचे आणले मी. घरातल्या प्रत्येक पातेल्याला तुमच्या समुद्राचा पोचा आहे!”

काकूला आधी हसू फुटलं की आईला, यावर अजून वाद आहे. पण दोघी ओवरीच्या भिंतीला टेकून इतक्या हसल्या की चौकात फोटो काढायला आलेलं एक जोडपं घाबरून दुसऱ्या दारानं गेलं.

तिसऱ्या दिवशी घाट. आई पुढे गेली. काकूनंच तिला घालवलं. “तू माझ्या चालीनं आलीस तर तुझे पाय भरून येतील. वर भेटू.” पहिली काही वळणं काकूनं दातओठ खात काढली. उन्हं अजून वर आली नव्हती, दरीतून गार वारा येत होता. मग बुरूज दिसला. त्याच्या खालीच ते वळण होतं.

वळणाच्या तोंडाशी तिच्या पायातलं बळच गेलं. दुखलं नाही, असं ती शपथेवर सांगते. दुखलं असतं तर समजलं असतं. नुसता कानात तो ब्रेकचा आवाज आला आणि पाय आपोआप जमिनीला टेकला. ती खाली उतरणीवर परत गेली, सायकल वळवली आणि पुन्हा निघाली. पुन्हा तिथंच पाय टेकला. मग ती कठड्यावर बसली. सायकलरस्त्याच्या पाट्या घेऊन निघालेला एक ट्रकवाला थांबला, म्हणाला, “बाई, वर सोडू का? सायकल मागे टाकू.” काकूनं मान हलवून नाही म्हटलं. तो गेल्यावर तिला रडू आलं. दवाखान्यातसुद्धा ती रडली नव्हती.

इकडे आई घाटमाथ्यावर पोचून वाट बघत होती. बराच वेळ झाला तसा तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं सायकल वळवली आणि चढलेला सगळा घाट उतरून खाली आली. कठड्यावर काकूला धडधाकट बघून तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पारा चढला.

“मला वाटलं, गेलात तुम्ही दरीत! काय झालं?”

“होत नाही गं.”

“मग चालत चला. मी दोन्ही सायकली ढकलते. वर पोचल्याशी कारण.”

“नाही. चालत नाही. मी इथं गाडीतून पडले होते. इथून मला उचलून नेलं. हे वळण मला बसून पार करायचंय.”

आईनं वळणाकडे पाहिलं, मग काकूकडे. आपली सायकल कठड्याला टेकवली आणि पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या. “बरं. बसा. मी बाजूनं चालते. हात लावणार नाही.”

काकू निघाली. आई तिच्या उजव्या बाजूला, दरीच्या अंगानं चालू लागली, म्हणजे काकूला दरी दिसणार नाही. वळण जवळ आलं. सायकल डुगडुगायला लागली, पुढचं चाक आता वळेल मग वळेल असं झालं. आणि तेव्हा आई ओरडली. काकूच्या आवाजात, काकूच्या हेलात, घरी चेष्टेतसुद्धा कधी केली नव्हती अशी नक्कल:

“चला, पुढे सरका, पुढे सरका! दारात थांबू नका! पुढे गाडी रिकामी आहे!”

काकूच्या तोंडून एक आवाज निघाला, हसू की हुंदका तिलाही सांगता येत नाही. पण पाय फिरला. एकदा, मग दुसऱ्यांदा. “पुढे सरका, बाई, मागच्यांना येऊ द्या!” आई धापा टाकत, चढावर जवळजवळ पळत ओरडत होती. बुरूज डाव्या खांद्यावरून सरकला, मग पाठीमागे गेला. रस्ता सरळ झाला. काकू थांबलीच नाही. तिनं दोन्ही हात सोडले असते, पण चढ होता म्हणून एकच सोडला आणि तो वर उंचावून ती अशी किंचाळली की घाटात खाली कुठंतरी कुत्री भुंकू लागली. आई रस्त्याच्या मधोमध उभी राहून टाळ्या वाजवत होती. मग तिच्या लक्षात आलं की आपली सायकल खाली राहिली आहे.

“मी तो घाट दोनदा चढले,” आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. “एकदा सायकलवर, एकदा ओरडत. नाही, तीनदा! सायकल आणायला परत गेले ते धरलं तर.” त्या हिशेबात आई म्हणेल ते काकूला मान्य असतं.

घाटापलीकडे नुसता उतार. दोघी शेजारी शेजारी, केस उडवत, तोंडात वारा भरून खाली आल्या. गोदामं मागे पडली, रस्ता वळला आणि दीपगृह समोर आलं. पांढरं, उंच, खाली निळं दार. तिथला रखवालदार कुलूप लावायच्या बेतात होता. दोघींचे धुळीनं माखलेले चेहरे बघून त्यानं दार पुन्हा उघडलं. “पायऱ्या पुष्कळ आहेत,” तो म्हणाला.

“असू देत,” काकू म्हणाली. “आता पायऱ्यांना कोण विचारतंय!”

ती कठड्याला धरून, पायरीगणिक थांबत चढली. वरच्या गच्चीत बाहेर आल्या आणि समोर समुद्र होता. अर्धवट मावळतीचा, सगळीकडे पसरलेला, कुठं संपतो ते दिसत नाही असा. काकूनं कठड्यावर दोन्ही हात टेकवले.

आईनं तिचा हात धरला. “जाऊबाई,” ती म्हणाली, “तुम्ही सांगायच्यात त्यापेक्षा मोठा आहे हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका, वडील आणि मी भाड्याचा टेम्पो घेऊन त्यांना आणायला गेलो. ठरलंच होतं तसं. सायकली बांधायला दोर घेतला होता, काकूच्या पायाखाली ठेवायला उशी घेतली होती. दोघी वाळूत बसून चहा पीत होत्या. नाकं उन्हानं सोललेली, पण चेहरे असे की मला माझ्या आईची ओळख पुन्हा करून घ्यावी लागली.

काकांनी काकूला आधी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “वळण?” त्यांनी विचारलं.

“काढलं,” काकू म्हणाली. “बसून.”

काका चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले, तो स्वच्छ असूनही.

वडिलांनी सायकल उचलून टेम्पोत टाकायला घेतली, तर आईनं हँडल धरलं. “थांबा. पिशव्या तेवढ्या घ्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे आम्ही आलो तशा जाणार आहोत. जाऊबाईंना किल्ल्याची मागची बाजू बघायची राहिली आहे.”

“आणि घाट या बाजूनं चढायला जास्त आहे, माहिती आहे का?” वडील म्हणाले.

“असू दे की,” दोघी एकदम म्हणाल्या.

त्यांनी पिशव्या टेम्पोत टाकल्या, उशी मला दिली आणि निघाल्या. आई पुढे, पण फार पुढे नाही. आम्ही तिघं रस्त्यावर उभे राहून बघत होतो. दोन पाठी लहान होत गेल्या, मग गोदामांच्या भिंतीआड वळल्या. टेम्पोवाल्यानं दोर गुंडाळून ठेवला आणि आमच्याकडे वळून विचारलं, “मग, तुम्ही तरी बसताय ना?”